जुन्या इंग्रजी पुस्तकातल्या 'नॉक अप'चा नेमका अर्थ कसा शोधायचा

जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये (१८१४) फॅनीची मावशी म्हणते की ही पोरगी नेमाने व्यायाम करत असती तर इतक्या लवकर 'नॉक्ड अप' झाली नसती. अमेरिकन सिरीज बघत इंग्रजी पक्कं केलेला वाचक इथे दचकतो, कारण त्याला या शब्दाचा एकच अर्थ माहीत असतो, की बाईला दिवस गेलेत आणि तेही नको असताना. फॅनी बिचारी फक्त दमलेली आहे, भर उन्हात गुलाब तोडलेत आणि मावशीच्या घरी दोन खेपा घातल्यात, बस.

असे फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ होणारे जोडशब्द, जुन्या पुस्तकात पावलोपावली भेटतात आणि शब्द ओळखीचे असल्यामुळे आपण डिक्शनरी उघडतच नाही, तिथेच फसायला होतं. म्हणून 'नॉक अप' हे एकच उदाहरण धरून पूर्ण पद्धत सांगतो, मग हीच पद्धत कुठल्याही फ्रेजल व्हर्बला लावता येते.

आधी वाक्य नीट बघा, डिक्शनरी नंतर

कोणी, कोणाला, कधी, हे तीन प्रश्न विचारा. क्रियापदाच्या पुढे माणूस आहे की वस्तू? नुसतं 'नॉक्ड अप' असं विशेषणासारखं आलंय का? आजूबाजूला रात्र, दार, खिडकी आहे की लांबची चाल आणि थकवा आहे?

डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (१८६०-६१) मिस्टर वॉप्सल 'नॉक्ड अप' असल्यामुळे भयंकर चिडलेला असतो. हे वाक्य एकटं वाचलं तर झोपेतून उठवलं म्हणून चिडला असं वाटतं, आणि बरेच जण तसं समजतातही. पण दोन पानं मागे जा, ही मंडळी पळालेल्या कैद्यांच्या मागे दलदलीतून तंगडतोड करून नुकतीच परत आलीत. म्हणजे वॉप्सल थकून चूर झालाय. दोन पानं मागे जायचा कंटाळा करू नका, अर्ध्याहून जास्त काम तिथेच होतं.

मग साल आणि देश लिहून ठेवा

झोपलेल्या माणसाला दार वाजवून उठवणं हा अर्थ १६६०च्या दशकापासून सापडतो. थकण्याचा अर्थ त्यानंतर आला. गर्भार करण्याचा अमेरिकन अर्थ १८१३पासून नोंदलेला आहे, म्हणजे ऑस्टिनच्या कादंबरीच्या एक वर्ष आधीचा! एकाच काळात अटलांटिकच्या एका बाजूला बायका बिनदिक्कत स्वतःला 'नॉक्ड अप' म्हणत होत्या आणि दुसऱ्या बाजूला त्याच शब्दाला गर्भार असण्याचाही अर्थ होता. त्यामुळे जुना अर्थ मेला आणि नवा जन्मला अशी सरळ रेघ मनात ओढू नका, अर्थ वर्षानुवर्षं शेजारी शेजारी नांदतात. लेखक कुठला आणि पुस्तक कुठल्या सालचं, हे माहीत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. आणि साल बघताना पहिल्या आवृत्तीचं बघा, हातातल्या पेपरबॅकचं नको.

आता डिक्शनरी, पण ऐतिहासिक

रोजच्या डिक्शनरीत आजचा अर्थ पहिला देतात. आपल्याला हवी ती सगळ्यात जुना अर्थ आधी देणारी आणि प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे लावणारी. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी नेमकी अशीच आहे. तिचे संपादक जेम्स मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शेकडो वाचक पुस्तकातली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पोस्टाने पाठवायचे, पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम १९२८ला पुरं झालं. ऑनलाइन आवृत्तीला सबस्क्रिप्शन लागतं, पण ती जुनी पहिली आवृत्ती इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येते. शोधताना फ्रेजल व्हर्ब मूळ क्रियापदाखाली बघायचं, म्हणजे 'नॉक' उघडा आणि खाली खाली जात 'अप'पर्यंत या, लांबलचक नोंद असते, घाई करू नका.

झटपट काम हवं असेल तर शब्दांचं मूळ सांगणारी एटिमऑनलाइन ही साइट, आणि शिवराळ किंवा रस्त्यावरच्या अर्थांसाठी जोनाथन ग्रीन यांचा स्लँगचा कोश, दोन्ही ऑनलाइन फुकट बघायला मिळतात.

अठराव्या शतकातलं पुस्तक असेल तर सॅम्युएल जॉन्सनचा १७५५चा कोश उघडाच. त्याच्या प्रस्तावनेत जॉन्सनने स्वच्छ लिहिलंय की क्रियापदाला असा शेपटीचा शब्द लावून अर्थ बदलायची खोड इंग्रजीत फार आहे आणि परक्यांना सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. पुढे तो उदाहरणं देतो, ती बघून मला तर फार आनंद झाला होता: 'टेक ऑफ' म्हणजे नक्कल करणे, 'सेट ऑफ' म्हणजे शोभा वाढवणे, 'गिव्ह ओव्हर' म्हणजे थांबणे. यातलं काहीच पूर्ण गेलेलं नाही. कोणाची नक्कल करण्याला ब्रिटिश लोक अजून 'टेक ऑफ' म्हणतात, आणि उत्तर इंग्लंडमध्ये 'गिव्ह ओव्हर' म्हणजे पुरे कर आता, हे आजही ऐकू येतं.

त्या काळच्या माणसांच्या तोंडून ऐका

ही माझी सगळ्यात आवडती पायरी. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातल्या १६७४ ते १९१३ या काळातल्या खटल्यांचे वृत्तांत ऑनलाइन फुकट शोधता येतात. साक्षीला कोण, तर खाणावळवाले, मोलकरणी, पहारेकरी, म्हणजे कादंबरीपेक्षा बोलीच्या कितीतरी जवळची भाषा. मात्र नुसतं 'नॉक अप' टाकून भागणार नाही, कारण बोलताना माणूस मधे बसतो. 'नॉक्ड मी अप', 'नॉक्ड हिम अप', 'नॉकिंग पीपल अप' अशी भूतकाळाची आणि तोडलेली रूपं वेगवेगळी टाकून बघा.

असं शोधताना अर्थाच्या मागे उभं असलेलं सगळं जग दिसायला लागतं. कारखान्याची पाळी पहाटेची, गजराचं घड्याळ परवडत नाही, म्हणून इंग्लंडच्या गिरणगावांत आणि लंडनच्या ईस्ट एंडात 'नॉकर-अप' हा चक्क धंदा होता, लांब काठीने वरच्या मजल्याची खिडकी वाजवायची आणि त्याचे आठवड्याला काही पेन्स घ्यायचे. मेरी स्मिथ नावाची बाई नळीतून वाळके वाटाणे फुंकून काचेवर मारायची, तिचा १९३१चा फोटो प्रसिद्ध आहे. रात्रपाळीचे पोलीसही हे काम करायचे. ३१ ऑगस्ट १८८८ला लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये जॅक द रिपरची बळी मानल्या जाणाऱ्या मेरी अ‍ॅन निकोल्सचा मृतदेह सापडला, त्याची खबर कॉन्स्टेबल मायझनला मिळाली तेव्हा तो लोकांना 'नॉक अप' करत होता, आणि हे चौकशीत सरळ नोंदलं गेलं, या शब्दात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

'अप' काय करतोय ते तपासा

हे थोडक्यात. उठवण्याच्या अर्थात 'अप' म्हणजे खरंच अंथरुणातून वर. थकण्याच्या अर्थात तो 'पार, पुरता' असं सांगतो, जसा 'यूज अप'मध्ये. घाईत चार पोळ्या-भाजी उरकावी तसं जेवण 'नॉक अप' करतात, तिथे 'अप' म्हणजे नसलेली गोष्ट उभी करणं. टेनिसवाले मॅचआधी हात मोकळा करायला खेळतात तेही 'नॉक-अप'च. शेपटीचा शब्द कळला की नवा अर्थ भेटला तरी अंदाज बरोबर लागतो.

एनग्राम वापरा, पण जपून

गूगलचा एनग्राम आलेख शब्द किती वापरला गेला ते दाखवतो, कुठल्या अर्थाने ते दाखवत नाही, 'नॉक्ड अप'ची रेघ वर गेली तर दमलेले वाढले की गर्भार हे त्यातून कळणार नाही, त्यासाठी खालच्या लिंकवरून मूळ पानं उघडायलाच लागतात. शिवाय १८००च्या आधीच्या छपाईत लांब 'एस' असायचा, तो 'एफ'सारखा दिसतो आणि कॉम्प्युटर अनेकदा तसाच वाचतो, त्यामुळे 'सेट ऑफ' हे 'फेट ऑफ' होऊन बसतं. त्या काळासाठी दोन्ही स्पेलिंग टाकून बघा.

शेवटी मराठीत उतरवून बघा

अर्थ ठरला की वाक्यात मराठी शब्द ठेवून पूर्ण परिच्छेद वाचा. फॅनी 'गळून जाते', वॉप्सल 'थकून चूर झालाय', मायझन 'लोकांना उठवत फिरत होता'. एकही शब्द आडवा आला तर परत वाक्याकडे जा. जुन्या कादंबरीचा अनुवाद करणाऱ्यांनी कँडीचा १८४७चा इंग्रजी-मराठी कोश आणि मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश जवळ ठेवावेत, मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे. डिकन्स लिहीत होता त्याच काळातली मराठी त्यात मिळते. फक्त मोल्सवर्थमधलं इंग्रजीही त्याच काळचं आहे हे धरून चला, त्याने अर्थ देताना फ्रेजल व्हर्ब वापरलं असेल तर त्यालासुद्धा वरच्या सगळ्या पायऱ्या लावा.