पौष्टिक धान्याचा कप्पा आणि दशमीची शिदोरी

किराणा दुकानात ज्वारी, जवस, कारळं असा पौष्टिक माल ठेवायचा तर दाणा साठवा, पीठ नको. ज्वारीच्या अंकुराकडच्या भागात तेल असतं. दळलं की ते हवेला उघडं पडतं आणि मे महिन्यात पीठ 15-20 दिवसांतच कडवट लागू लागतं. विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, तर त्याआधीच जाते. मूठभर पीठ मळून थापून पाहा. कडा चिरल्या की ते पीठ शिळं. आधणाच्या पाण्याने भाकरी कशीबशी जुळते, पण चव येत नाही. म्हणून गिऱ्हाईक समोर असतानाच दळून द्या, तेही 2-3 किलोच.

खरेदी रब्बीच्या ज्वारीची करा: मालदांडी किंवा परभणी मोती. परभणीच्या कृषी विद्यापीठातून 2018 मध्ये आलेल्या परभणी शक्तीत लोह आणि जस्त जास्त असतं. ती मिळाली तर वेगळी पाटी लावून ठेवा, सरमिसळ नको. खरिपात पावसाने काळी पडलेली ज्वारी स्वस्त मिळते, पण तिला बुरशी लागलेली असते. दाणे तळहातावर चोळून वास घ्या. कुबट आला तर सौदा सोडा.

दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. दबला तर अजून 2-3 उन्हं द्या. उन्हातून उचललेलं धान्य लगेच कोठीत भरायचं नाही. गरम धान्याची वाफ झाकणाला घाम होऊन धरते, वरचा थर दमट होतो आणि सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, तिथूनच सुरू होतात. रात्रभर सावलीत निवू द्या. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब.

जवस अख्खंच विका. चटणी करायची तर मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, पूर्ण गार झाल्यावरच कुटा आणि आठवड्याला खपेल तेवढीच करा. खवटपणा तिखट-लसणाखाली लपतो, म्हणून मीठ-तिखट घालण्याआधी चाखा. भगरीचं सुटं पीठ मात्र ठेवूच नका. ते ओल आणि बुरशी पटकन धरतं. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात वरचेवर येतात.

देवगिरी किल्ला चढणारे, गौताळ्याच्या जंगलात भटकणारे शिदोरी मागतात, तेव्हा त्यांना गोड पाकिटं कशाला? दशम्या द्या. 2 वाट्या ज्वारीच्या पिठाला साधारण 1 वाटी गरम दूध आणि चवीपुरतं मीठ घ्या. दूध थोडं थोडं घालत घट्ट मळा, पाण्याचा थेंब नको. भाकरीला थापल्यावर पाणी फिरवतो तसं इथे फिरवायचं नाही. मंद आचेवर थोडं तेल सोडून दोन्ही बाजू खरपूस भाजा. मग फडक्यावर पसरून पूर्ण निवू द्या. गरम दशमी डब्यात गेली की वाफेने ओलसर होते आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारते. नीट निवलेली हिवाळ्यात 2 दिवस टिकते, उन्हाळ्यात एकच धरा. धपाटे त्याच दिवशी संपवायचे, कांदा घातला असेल तर दुपारपर्यंतच.

माणशी दिवसाला 3 दशम्या, 50 ग्रॅम शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि 100 ग्रॅम गूळ-शेंगदाणे पुरतात. पाणी मात्र 3-4 लिटर घ्यायला सांगा, उन्हाळ्यात त्याहून जास्त. चटणी तहान वाढवते, आणि उन्हाळ्यात वाटेवरचे ओढे कोरडेच असतात.