यंदा खोपोलीऐवजी बेंगळुरू: घरच्यांना नव्या थीम पार्कसाठी राजी कसे करावे

सांगली-मिरज परिसरातील पुष्कळ कुटुंबांची मे महिन्यातील सहल वर्षानुवर्षे ठरलेली असते. पहाटे गाडी काढायची, पेठनाक्यावर महामार्ग गाठायचा, कराड-सातारा मागे टाकून खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याकडे उतरायचे आणि खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कात एक दिवस घालवून परतायचे. हे पार्क २०१३ मध्ये सुरू झाले. तेव्हा कडेवर बसून गेलेली मुले आज दहावीच्या आसपास पोहोचली आहेत. त्यांना, किंवा घरातल्या आणखी कोणाला, यंदा दुसरीकडे जावेसे वाटत असेल आणि बाकीचे तयार नसतील, तर त्यांचे मन कसे वळवावे, यासाठी हा लेख आहे. सांगलीहून सोयीचे असे दोन पर्याय मी समोर ठेवले आहेत: बेंगळुरूजवळच्या बिडदीचे वंडरला पार्क आणि हैदराबाद. दुसरे ठिकाण मनात असले, तरी रीत हीच उपयोगी पडेल.

घरातल्या प्रत्येकाच्या नकाराचे कारण वेगळे असते, आणि चारचौघांत सांगितलेले कारण बहुधा खरे नसते. वडील ‘एवढ्या लांब कशाला’ म्हणतात, तेव्हा अनोळखी रस्त्यावर गाडी आपल्यालाच चालवावी लागणार, ही त्यांची चिंता असते. आई ‘खर्च फार होईल’ म्हणते, पण पाण्यात उतरण्यासाठी घालाव्या लागणाऱ्या कपड्यांचा तिला संकोच असतो. सासऱ्यांसमोर सून हे कधीच बोलणार नाही, आणि आजीही आपले गुडघे दुखतात म्हणून सगळ्यांची सहल अडते आहे, असे मान्य करणार नाही. म्हणून सगळ्यांना जेवणाच्या ताटावर एकत्र गाठून विषय काढणे मला चुकीचे वाटते. तिथे पहिला नकार मोठ्या आवाजात येतो आणि इतरांना तो मोडणे अवघड जाते. त्यापेक्षा एकेकाशी स्वतंत्रपणे बोलावे: वडिलांशी रानात जाताना, आईशी स्वयंपाकघरात, काकूंशी त्या निवांत असतील तेव्हा. प्रश्नही ‘जाऊया का?’ असा नसावा. ‘आण्णा, मागल्या वेळी तुम्हाला सगळ्यांत जास्त त्रास कशाचा झाला?’ असे विचारले, तर उत्तरात खरी अडचण आपोआप येते आणि तुम्हाला नेमकी कशाची व्यवस्था करायची ते कळते.

या बोलण्यात जुन्या पार्काला नावे ठेवू नयेत. ती सहल पहिल्यांदा कोणीतरी हौसेने ठरवलेली असते, पदरमोड करून सगळ्यांना नेलेले असते आणि त्या दिवसाचे फोटो अजून घरात लावलेले असतात. ‘तिथे आता काही उरले नाही’ हे वाक्य त्या माणसाला लागते. तिथली नायट्रो ही रोलरकोस्टर आजही थरारकच आहे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथे जायलाही हरकत नाही, हे मोकळेपणाने म्हणावे. मागणी एवढीच ठेवावी की यंदा एकदा वेगळी वाट धरू.

ठिकाण कोणाकडे पाहून निवडावे

उत्साही माणसाला कुठलेही पार्क चालते. म्हणून ठिकाण निवडताना सर्वांत नाखूश असलेल्या माणसाचा विचार आधी करावा. ज्यांचा आक्षेप गाडी चालवण्याला आहे, त्यांच्यासाठी बेंगळुरू सोपे पडते. रस्त्याने हे अंतर सहाशे किलोमीटरहून अधिक असल्याने ऐकताक्षणी छाती दडपते, परंतु मिरजेहून बेळगाव, हुबळीमार्गे जाणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस दुपारनंतर पकडली, तर रात्र झोपेत जाते आणि सकाळी आपण बेंगळुरूत असतो. खोपोलीच्या प्रवासात पुण्याच्या कोंडीसह दिवसाचा मोठा भाग स्टिअरिंगमागे घालवणाऱ्या माणसाला ही तुलना शांतपणे, कागदावर वेळा लिहून दाखवावी. बिडदी हे बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर, बेंगळुरूपासून सुमारे २८ किलोमीटरवर आहे. तिथले वंडरला २००५ पासून सुरू आहे, आणि पार्काच्या आवारातच त्यांचे निवासस्थान असल्यामुळे दमलेल्या माणसाला दुपारी खोलीवर जाऊन पडता येते. आजी-आजोबा बरोबर असतील, तर ही एक सोय बाकी सगळ्या युक्तिवादांपेक्षा भारी ठरते.

हवामानाचाही मुद्दा आहे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर असल्यामुळे तिथला मे महिना सांगलीपेक्षा सुसह्य असतो. मात्र दुपारनंतर वळवाची सर येऊ शकते आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राईड्स काही वेळ थांबवतात. हेही आधीच सांगून टाकावे, कारण मन वळवताना लपवलेली गोष्ट सहलीत उघडी पडली, तर पुढच्या वर्षी तुमचा शब्द कोणी ऐकणार नाही.

ज्यांना झुल्या-पाळण्यांतच रस नाही, त्यांच्यासाठी हैदराबाद अधिक योग्य आहे. १९९६ मध्ये सुरू झालेली रामोजी फिल्म सिटी १,६६६ एकरांवर पसरलेली असून जगातील सर्वांत मोठे चित्रपट-निर्मिती संकुल म्हणून तिची गिनीज बुकात नोंद आहे. तिथे बसमधून फिरत सेट, बागा आणि कार्यक्रम पाहता येतात, त्यामुळे ज्येष्ठांना दिवसभर बाकावर बसून पिशव्या सांभाळाव्या लागत नाहीत. मुलांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेले हैदराबादचे वंडरला आहे. एक दिवस मोठ्यांचा, एक दिवस मुलांचा अशी वाटणी तिथे सहज होते. उन्हाच्या बाबतीत मात्र हैदराबाद मे महिन्यात कठीण जाते. तो पर्याय मी दिवाळीच्या सुटीसाठी राखून ठेवीन.

वाटेतले देवदर्शन

आपल्याकडे मोठ्यांच्या सहलीत देवदर्शन नसेल, तर ती त्यांना त्यांची सहल वाटतच नाही. हा आग्रह टाळण्याऐवजी त्यालाच सहलीचा कणा करावा. हैदराबादला गाडीने जायचे असेल, तर मिरज-सोलापूर महामार्ग सांगोला, मंगळवेढ्यावरून जातो. तिथून पंढरपूर फार दूर नाही, आणि सोलापूरला पोहोचल्यावर अक्कलकोटही आवाक्यात येते. बेंगळुरूच्या बाजूला तर सांगली जिल्ह्यातील कुटुंबांसाठी विशेष कारणे आहेत. आपल्याकडे जैन आणि लिंगायत समाज मोठ्या संख्येने आहे. जैन घरातील आजीला श्रवणबेळगोळच्या दहाव्या शतकातील, सुमारे ५७ फूट उंच बाहुबलींचे दर्शन घडवतो म्हटल्यावर पार्काविषयीचा तिचा विरोध पुष्कळ मावळेल. तिथे सहाशेहून अधिक पायऱ्या असल्यामुळे डोलीची चौकशी आधी करावी आणि चढण सकाळी उरकावी. लिंगायत कुटुंबाला तुमकूरचा सिद्धगंगा मठ बेंगळुरूहून सत्तरेक किलोमीटरवर आहे. कोणताही खास आग्रह नसलेल्यांनी बिडदीवरून तसेच पुढे म्हैसूरला जाऊन चामुंडी टेकडी आणि राजवाडा पाहावा.

पण दर्शन आणि पार्क एकाच दिवसात कोंबू नये. तसे केले की दोन्हीकडे घाई होते आणि दोन्ही पक्ष नाराज होतात.

कर्नाटकात भाषा येणार नाही, ही भीती सांगलीकरांना तुलनेने कमी असावी, कारण जत, मिरज भागात घरोघरी कोणा ना कोणाला कानडी येते. आजीचे माहेर सीमेपलीकडचे असेल, तर तिलाच सांगावे: ‘आजी, तिथं रिक्षावाल्याशी तूच बोलायचं, आम्हाला कुठं येतंय?’ ही खुशामत नाही. तिथे तिची खरोखर गरज पडते, आणि आपल्यावाचून सहल अडेल हे कळल्यावर माणूस सहलीत मनाने सामील होतो.

पाण्याचे कपडे

हा विषय घरात सर्वांत कमी बोलला जातो आणि सर्वांत जास्त सहली अडवतो. पाण्याच्या भागात सुती साडी, सलवार-कमीज किंवा जीन्स घालून उतरू देत नाहीत. नायलॉन किंवा लायक्रासारख्या कापडाचा पोशाख लागतो. हा नियम सुरक्षेसाठीच असतो, कारण सुती कापड भिजून जड होते आणि सैल टोक घसरगुंडीत अडकू शकते. हे कारण सांगितले की नियम अपमानकारक वाटत नाही. पूर्ण बाह्यांचा वरचा भाग आणि घोट्यापर्यंतची लेगिंग असा पोशाख बाजारात मिळतो. तो भाड्याने घेण्याची वेळ येऊ देऊ नये. घरूनच, मापाने, गडद रंगाचा घ्यावा आणि आई, काकू, वहिनी यांनी तो एकदा घालून पाहावा. त्यानंतरही सासरे-जावई-दीर यांच्यासमोर पाण्यात जायला एखादीला नको वाटत असेल, तर बायकांनी मिळून आधी पाण्यात जावे आणि त्या वेळी पुरुषमंडळींनी कोरड्या राईड्सकडे राहावे, अशी आखणी करता येते. ही आखणी घरातल्या एखाद्या बाईनेच सुचवलेली बरी. आणि कोणाला उतरायचेच नसेल, तर तिला पुन्हा विचारू नये. पार्कात दिवसभर ‘एकदा तरी ये ना’ असे ऐकावे लागणार, या भीतीनेच अनेकजणी घरी थांबणे पसंत करतात.

हृदयविकार, रक्तदाब, मानेचे-पाठीचे दुखणे असलेल्यांना आणि गर्भवतींना मोठ्या राईड्सवर बसू नका, असे पार्कवालेच बजावतात. तेथे मन वळवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मुलांची उंची आणि पैशांचा हिशेब

लहान मुलांची उंची घरी भिंतीला टेकवून सेंटिमीटरमध्ये मोजावी. मोठ्या थराराच्या राईड्सना साधारण १४० सेंटिमीटरची अट असते, आणि ती प्रवेशाजवळच्या पट्टीवर मोजली जाते. तिथे कोणाची विनवणी चालत नाही. घरात बारा आणि आठ वर्षांची भावंडे असतील आणि धाकट्याला रोलरकोस्टरचे व्हिडिओ दाखवून तुमच्या बाजूने वळवलेले असेल, तर पार्कात त्याचे रडणे आवरताना सगळ्यांचा दिवस जाईल. त्याला बसता येतील अशाच राईड्स त्याला दाखवाव्यात.

पैशांबाबत नुसते ‘फार महाग नाही’ म्हणून कोणी ऐकत नाही. एका कागदावर दोन रकाने करावेत, एका बाजूला खोपोलीचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला नव्या सहलीचा. डिझेल आणि टोल, की रेल्वेचे तिकीट, मुक्काम, पार्कचे तिकीट, जे बहुतेक ठिकाणी मुलांच्या वयाऐवजी उंचीवर ठरते आणि वारानुसार बदलते, लॉकर, आतले जेवण, कारण बाहेरचा डबा बहुधा आत नेऊ देत नाहीत. शेवटी नवी सहल महाग निघाली, तर ती महागच आहे असे सांगावे आणि फरक कसा भागवायचा तेही त्याच कागदावर लिहावे: मोठ्यांपैकी दोघे पार्कात येणार नसतील तर त्यांचे तिकीट वाचते, शनिवार-रविवार टाळला तर गर्दी कमी मिळते. घरात व्यवहार जो पाहतो, त्याच्या हाती हा कागद देऊन निर्णय त्याच्यावर सोपवावा. त्याने बेरीज स्वतः केली की पुढचा वाद आपोआप कमी होतो.

तारीख कोणी ठरवायची

शेती असलेल्या घरात नकाराचे मूळ बहुतेकदा तारखेत असते. तासगाव, कवठेमहांकाळ भागातील द्राक्षबागायतदाराला दिवाळीत बाग सोडा म्हणणे व्यर्थ आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरचे ते दिवस डाऊनी या बुरशीजन्य रोगावरील फवारण्यांचे असतात आणि एका चुकलेल्या फवारणीत वर्ष जाऊ शकते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, सबकेनची (शेंडा खुडल्यावर फुटणाऱ्या उपकाड्यांची) कामे मार्गी लागली की मे महिन्यात दोन-चार दिवस बाग विश्वासू माणसावर सोपवता येते, पण ते नेमके दिवस फक्त त्यालाच माहीत असतात. म्हणून तारीख त्यालाच ठरवू द्यावी आणि मुलांच्या सुट्या त्याला आधी सांगून ठेवाव्यात.

इतके करूनही घर तयार नसेल, तर मोठ्या सहलीआधी एखादा दिवस कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरील सिद्धगिरी म्युझियमला घालवावा. गावगाड्यातील बलुतेदार, त्यांची अवजारे आणि दैनंदिन व्यवहार तिथे पूर्णाकृती शिल्पांतून उभे केले आहेत. ज्येष्ठांना ते आपल्या लहानपणाचे जग वाटते आणि ते नातवंडांना समजावून सांगत फिरतात. सांगलीहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. किती चालवते, जेवणाची वेळ कधी चुकते, कोण कोणाला सांभाळते, हे सगळे तिथे आधीच कळते आणि लांबच्या सहलीचा बेत त्यावरून दुरुस्त करता येतो.

होकार मिळाला की रेल्वेचे आरक्षण पहिले करावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचे असेल, तर खिडकी मार्चच्या पहिल्या आठवड्यात उघडते आणि उन्हाळ्यातील जागा लवकर संपतात. घरातली बोलणी त्यामुळे फेब्रुवारीअखेर पुरी झालेली असावीत. आरक्षण पक्के झाल्यावर मुक्काम ठरवावा, आणि पार्कचे तिकीट सर्वांत शेवटी, कोण खरोखर आत येणार आहे ते पुन्हा एकदा विचारून काढावे.