कपाशी, औषध आणि कॅमेरा: फवारणीचा प्रसंग खरा कसा उतरवायचा

कृषी केंद्राचा मालक, मुदत संपलेली बाटली आणि ती फवारणारा सालदार. वीस मिनिटांच्या शॉर्ट फिल्मला एवढी गोष्ट पुरते. अडतं ते तपशिलात. खान्देशातला प्रेक्षक कच्चा अभिनय माफ करेल, चुकीच्या अवस्थेतली कपाशी नाही.

म्हणून शूटिंगच्या तारखा पिकावरून ठरवा. जूनमध्ये लावलेली कपाशी ऑगस्ट-सप्टेंबरात कमरेला लागते, पात्या-फुलं धरते. फवारणी तेव्हाच घ्या. दसऱ्यानंतर बोंडं फुटून पांढरं झालेलं वावर दिसतं देखणं, पण वेचणीला आलेल्या कापसावर पंप चालवणारा माणूस पाहून गाव हसेल.

पंप नवा कोरा हवा. वापरातला पंप कितीही धुतला तरी नळीत आणि पट्ट्यात औषध राहतं, ते नटाच्या पाठीवर उतरतं. १६ लिटरच्या बॅटरी पंपात ५-६ लिटर साधं पाणी भरा, म्हणजे दहाव्या टेकलाही खांदा टिकतो. औषध पाण्यात पडताच होणारा दुधाळ रंग बादलीत चमचाभर दूध टाकून मिळतो. ते पंपात मात्र ओतू नका, नोझल चोंदतं. तुषार दिसायला ऊन नटाच्या मागून हवं, तेही सकाळी लवकर. दुपारच्या उन्हात फवारा कॅमेऱ्याला दिसतच नाही.

बाटलीचं नाव मनाचं ठेवा, लेबल मात्र बरोबर हवं: कोपऱ्यावर उभा चौकोन आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग. लाल सर्वांत जहाल. मग पिवळा, निळा, हिरवा.

पटकथेत हमखास होणारी चूक म्हणजे मुदत संपली की औषध जास्त विषारी होतं असं दाखवणं. सहसा त्याचा असर घटतो. अळी मरत नाही, म्हणून सालदार दुप्पट बूच मोजतो, वाऱ्याच्या तोंडाला फवारतो, तोंडाला रुमालही नसतो. विषबाधा इथून सुरू होते. छाती धरून कोसळणं नको. औषध ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं असेल तर घाम, लाळ, उलटी आणि डोळ्यांच्या टाचणीएवढ्या झालेल्या बाहुल्या दाखवा. कपडे काढून अंग साबणाने धुणं आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठणं, हेही यायला हवं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसं गेली. हा प्रसंग करमणुकीसारखा हाताळू नये.

मालकाला पश्चात्तापाचं भाषण देऊ नका. अंगठा तारखेवर ठेवून तो बाटली काउंटरवरून पुढे सरकवतो, एवढा शॉट पुरे. पुढे कीटकनाशक निरीक्षक आला की नमुन्याचे तीन भाग सीलबंद करताना दाखवा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे त्यातला एक भाग मालकाच्याच हाती परत येतो. रात्री दुकानात तो आणि नमुन्याची ती सीलबंद बाटली: खरा प्रसंग हाच. सरकारी माणूस खलनायक करायचा मोह टाळा.

बोलीत घाई नको. धुळे, नंदुरबार, अमळनेर, पारोळ्याकडे अहिराणी चालेल. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात लेवा बोली हवी. केळीच्या बागेत मात्र संवाद रेकॉर्ड करताना वारा पडायची वाट पाहा. फाटक्या पानांची फडफड माइकमध्ये पावसासारखी उतरते आणि एडिटिंगमध्ये निघत नाही.