ट्रेकिंग ग्रुप काढताय? आधी इन्शुरन्सचं बघा

व्हॉट्सॲपवर ग्रुप काढून लोकांना गडावर न्यायला लागलात की जबाबदारी तुमचीच. ग्रुप रजिस्टर नसेल तर कायद्याच्या नजरेत 'क्लब' असं वेगळं काही नसतंच, दावा झाला तर थेट आयोजकांच्या नावावर, म्हणून 1860 च्या सोसायटी कायद्याखाली संस्था नोंदवून घ्या.

आता मेन गोष्ट. बरेच जण पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी काढतात आणि झालं म्हणतात, पण ती पडलेल्या मेंबरला पैसे देते, तुम्हाला वाचवत नाही. समजा नाशिकजवळच्या हरिहर गडाच्या त्या उभ्या पायऱ्यांवर तुमच्या मेंबरच्या पायाखालचा दगड सुटला आणि खाली दुसऱ्याच ग्रुपमधल्या कुणाच्या डोक्यात बसला, तर लागते पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे बाहेरच्या कुणाला इजा झाली आणि त्याने तुमच्यावर दावा केला तर भरपाई देणारी. एजंटला 1991 चा 'पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स' कायदा सांगू नका हं, नाव सारखं असलं तरी तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे.

पॉलिसीत 'साहसी खेळ वगळले' अशी बारीक ओळ असते, ती शोधाच, शिवाय मेंबरने मेंबरवर केलेला दावा, व्हॉलंटियर लीडर आणि वकिलाचा खर्च कव्हर आहे का हे मेलवर लिहून घ्या, फोनवरचं तोंडी कामाचं नाही.

आणि 'काही झालं तर जबाबदारी माझी' असा मेंबरने सही केलेला फॉर्म म्हणजे कवच नाही, तुमचा निष्काळजीपणा दिसला तर कोर्टात तो टिकेलच असं नाही.