टर्मिनलमध्ये फाइली लावताना या चुका टाळा

काम साधं होतं: कॅमेऱ्यातले चारेकशे फोटो एका फोल्डरमध्ये टाकायचे. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, छोटा फॉर-लूप (तीच कमांड प्रत्येक फाइलवर चालवणारी ओळ) लिहिला, एकेक जेपीजी उचलून ‘एमव्ही’ या कमांडने ‘दिवाळी’मध्ये ढकलायची. एन्टर दाबलं, क्षणात काम झालं, एकही एरर नाही. बघतो तर ‘दिवाळी’ नावाचं फोल्डरच नाही. त्या नावाची एकुलती एक फाइल, आणि तिच्यात शेवटचा फोटो.

फोल्डर आधी बनवायचं मी विसरलो होतो. ‘एमव्ही’ फाइल हलवतं आणि तिचं नावही बदलतं. समोर फोल्डर नसेल तर दिलेला शब्द ते नवं नाव समजतं. पहिला फोटो ‘दिवाळी’ झाला, दुसरा त्याच्यावर बसला, तिसरा दुसऱ्यावर. इथे कचरापेटी नसते. मेमरी कार्ड पुसलं नव्हतं म्हणून घरात तोंड दाखवता आलं. गंमत म्हणजे लूप न लावता सगळे फोटो एकाच कमांडमध्ये दिले असते, तर ‘एमव्ही’नेच नकार दिला असता, कारण अनेक फाइली असल्या की शेवटचं नाव फोल्डरचंच लागतं.

तेव्हापासून फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ देतो: ‘दिवाळी/’. फोल्डर नसेल तर एरर येते, फोटो जागेवर राहतात. शिवाय ‘एमव्ही’ला ‘डॅश एन’ हा पर्याय लावला की असलेल्या फाइलवर दुसरी फाइल चढत नाही.

नावातली मोकळी जागा हा दुसरा खड्डा. ‘आजी वाढदिवस’ ही शेलच्या, म्हणजे कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामच्या, लेखी दोन नावं. अर्ध्याच नावासाठी ‘नो सच फाइल’ असं दिसलं, तर फाइलचं नाव धरणाऱ्या व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हं द्यायची राहिली आहेत हे ओळखा. फाइली पुसणाऱ्या ‘आरएम’ला ‘जुने*’ (‘जुने’ने सुरू होणारी सगळी नावं) लिहिताना चुकून ‘जुने *’ झालं, तर त्या फोल्डरातल्या फाइली गेल्याच. मी आधी तोच नमुना यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ला देतो आणि यादी डोळ्यांखालून घालतो.

फाइली शोधणाऱ्या ‘फाइंड’मध्ये क्रमाला किंमत आहे. ते अटी डावीकडून उजवीकडे तपासतं. ‘डॅश डिलीट’ आधी आणि ‘डॅश नेम’ नंतर लिहिलं, तर नाव बघायच्या आधीच सगळं पुसलं जातं. डिलीट शेवटी, आणि तेही तिथे आधी नावं फक्त दाखवणारं ‘डॅश प्रिंट’ लावून खात्री केल्यावरच.

‘सीपी’ने कॉपी केलेल्या सगळ्या फाइलींवर आजची तारीख दिसते? मूळ तारीख जपणारं ‘डॅश पी’ द्यायचं राहिलं. तारीख नावातच ठेवायची असेल तर वर्ष आधी लिहा: २०२३-०८-१५. ‘१५-०८-२०२३’ अशी नावं लावली की सगळ्या महिन्यांचे पंधरा तारखेचे फोटो एकत्र येतात.

आता आपल्या लिपीचा भाग, जो इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइलसिस्टमवर फाइलनावाची मर्यादा २५५ बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, वेलांटी, हलन्त वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. लग्नपत्रिकेएवढं लांब नाव दिलं की ‘फाइल नेम टू लाँग’ ठरलेलं.

त्याहून चकवा देतो तो ‘साताऱ्याची सहल’मधला ऱ. तो एकाच चिन्हाने लिहिता येतो, र आणि खाली नुक्ता (टिंब) असा लिहिता येतो, किंवा काही कीबोर्डांवर र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असाही. स्क्रीनवर तिन्ही सारखेच, संगणकाला मात्र तीन वेगळी नावं. शोधून फाइल सापडत नाही, किंवा एकाच नावाची दोन फोल्डरं दिसतात. ‘एलएस’चं आउटपुट बाइट दाखवणाऱ्या ‘हेक्सडम्प’मधून काढलं की फरक उघडा पडतो. पहिल्या दोन रूपांसाठी फाइलनावं बदलणाऱ्या ‘कॉन्व्हएमव्ही’ला एनएफसी (दोन्ही रूपं एकच करणारा) पर्याय द्या; ‘नोटेस्ट’ सांगेपर्यंत ते फक्त काय बदलेल ते दाखवतं. जोडचिन्हाचं तिसरं रूप त्याला बदलता येत नाही. ते ‘रीनेम’ने स्वतःच बदलावं लागतं, तेही आधी ‘डॅश एन’ लावून; इथे ते फक्त काय बदलेल ते दाखवतं.