शंभर सीसीच्या गाडीवर तंबू बांधताना

साताऱ्याहून यवतेश्वर, कासमार्गे बामणोलीला मुक्कामाला निघालं की घाटात हँडल हलकं लागायचं, वळणावर पुढचं चाक ऐकायचं नाही. सगळं वजन कॅरिअरवर, मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे होतं ना!

आता पाणी, स्टोव्ह, तांदूळ दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली आणि जमेल तेवढं पुढे. तंबू सीटवर आडवा, पाठीला टेकून. कॅरिअरवर फक्त स्लीपिंग बॅग. उजवीकडची पिशवी सायलेन्सरपासून वर उचलून बांधायची, नायलॉन लगेच वितळतं.

बांधायला पंक्चरवाल्याकडच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. हुकवाल्या दोरीपेक्षा मला त्याच भरवशाच्या वाटतात, घसरत नाहीत. मागच्या चाकात डबलसीटची हवा भरतो. घाटात गाडी आता सरळ चढते.