तापमानाचा डॅफ्नियाच्या पोहण्यावर होणारा परिणाम कसा मोजावा

गोड्या पाण्यातील डॅफ्निया हा जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा प्राणिप्लवक सलग पोहत नाही. दुसऱ्या जोडीच्या लांब शृंगिकांचा फटका मारून तो वर उसळतो आणि फटका संपताच हळूहळू खाली बुडू लागतो. त्यामुळे केवळ सरासरी वेग नोंदवल्याने फारसे काही कळत नाही. दर मिनिटाला किती उसळ्या घेतल्या आणि दोन उसळ्यांच्या मध्ये तो किती वेगाने बुडाला, या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात.

तळ्यातून बारीक जाळीने पाणी गाळल्यास डॅफ्नियासोबत सायक्लॉप्सही हाती लागतात. नारूच्या जंताला आश्रय देणारे हेच ते सायक्लॉप्स. झटक्यासरशी पुढे झेपावण्याच्या सवयीवरून ते ओळखून बाजूला काढावेत. मग एकाच डॅफ्निया मादीपासून प्रजा वाढवावी. अनुकूल स्थितीत तिला नराची गरज नसते आणि तिची पिल्ले जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखी असल्याने तुलना स्वच्छ होते. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाईपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, उघडे ठेवावे. ऊर्ध्वपातित पाणी मात्र मुळीच वापरू नये. प्राणी रुंद तोंडाच्या ड्रॉपरने उचलून पाण्याच्या पृष्ठभागाखालीच सोडावा, कारण कवचात हवा अडकली तर तो पृष्ठभागावरच तरंगत राहतो. अंडी धरलेली आणि न धरलेली मादी एकाच गटात घेऊ नये.

चपट्या काचपात्रामागे काळा कागद लावून मोबाइल स्टँडवर पक्का बसवावा आणि मोजपट्टी प्राणी पोहतात त्याच अंतरावर ठेवावी. उसळ्या मोजण्यासाठी सेकंदाला 30 चौकटींचे साधे चित्रण बहुधा पुरते. डॅफ्निया प्रकाशाच्या दिशेनुसार शरीराचा कल ठरवत असल्याने प्रकाश वरून, एकसारखा आणि दिव्याची ऊब पाण्याला लागणार नाही असा असावा.

खरी मेख तापमानातच आहे. पाणी तापले की प्राण्याची चयापचय क्रिया बदलते, पण त्याचबरोबर पाणीही अधिक पातळ होते: श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा, 20 अंश सेल्सिअसला सुमारे 1.00 मिलिपास्कल-सेकंद असते, तर 30 अंशांना 0.80. मग उसळ्या वाढल्या तर त्याचे श्रेय स्नायूंना द्यायचे की अधिक वेगाने बुडू देणाऱ्या पाण्याला? याचा निवाडा करण्यासाठी तीन पात्रे घ्यावीत: 18 अंशांचे साधे पाणी, 28 अंशांचे साधे पाणी, आणि 28 अंशांचेच पण किंचित मिथाइल सेल्युलोज घालून 18 अंशांच्या पाण्याइतके दाट केलेले पाणी. महाविद्यालयातील ऑस्टवाल्ड श्यानतामापीत 18 अंशांच्या साध्या आणि 28 अंशांच्या दाट केलेल्या पाण्याचा वाहण्याचा काळ सारखा आला, की प्रमाण जमले असे समजावे. तिसऱ्या पात्रातही उसळ्यांचा दर दुसऱ्याइतकाच राहिला तर कारण मुख्यतः शरीरात आहे. तो पहिल्याकडे झुकला तर पाण्याच्या दाटपणाचा वाटा मोठा आहे. प्राण्यांना नव्या तापमानात सावकाश नेऊन रात्रभर स्थिरावू द्यावे. प्रत्येक पात्रात वेगवेगळे प्राणी घ्यावेत; एकाच प्राण्याची दहा मोजमापे ही दहा प्राण्यांची माहिती नव्हे.

हीच मांडणी प्रकाशासाठीही चालते. निळ्या प्रकाशात डॅफ्निया अधिक आडवे फिरतात, तर लाल प्रकाशात वर-खाली उसळ्या घेत राहतात, असे जुन्या प्रयोगांतही दिसले आहे. छोटा मासा दिवसभर ठेवलेले पाणी गाळून वापरल्यास काही वंश प्रकाशापासून दूर, खोल जातात आणि काही जात नाहीत. येथे एका मादीपासून वाढवलेली प्रजा विशेष उपयोगी पडते. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात वाढलेले डॅफ्निया हिमोग्लोबिनमुळे काही दिवसांत लालसर होतात. असे लालसर प्राणी तापमानाच्या प्रयोगात फिकट प्राण्यांसोबत मिसळू नयेत.